हिमालयापलीकडचे एक पोरके घर

संतांचे चरित्र सांगताना आपण सहसा जन्मगाव, आईबाप, लग्नकार्य एवढे चार वाक्यांत उरकतो आणि गुरुभेटीपाशी येऊन ठाण मांडतो. श्रोत्यांनाही तेच हवे असते. अभंगाचे निरूपण होऊन चरित्राला उरतो तो अर्धा-पाऊण तास. त्यात पोरपणाच्या गोष्टींना सवड कोठली? परंतु तिबेट देशात मिलारेपा नावाचे जे थोर संत होऊन गेले, त्यांच्या बाबतीत ही सोय नाही. सातव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत त्यांच्या घरात जे घडले ते गाळले, तर पुढची घोर पापे कळत नाहीत आणि त्या पापांतून ते निघाले कसे हेही कळत नाही.

मिलारेपांचा काळ इ. स. १०५२ ते ११३५ असा बहुतेक मानतात. काही जुन्या ग्रंथांत तो बारा वर्षे अलीकडे-पलीकडे, म्हणजे १०४० ते ११२३ असा धरला आहे. म्हणजे ज्ञानोबा माउलींच्या आधी सव्वादोनशे वर्षांची ही गोष्ट. त्यांचे जे चरित्र तिबेटात घरोघर वाचतात ते त्सांगन्योन हेरुका नावाच्या एका फिरत्या साधूने १४८८ साली रचले. गुरूंनी शिष्यांना बसवून स्वमुखाने आपली कथा सांगितली, अशी त्याची मांडणी आहे. तीन-साडेतीन शतकांनंतरचा ग्रंथ, तेव्हा भक्तांच्या प्रेमाने त्यात भर पडली असणार हे उघड आहे. पण महिपतीबोवांनीही शतके उलटल्यावरच संतांची चरित्रे लिहिली. म्हणून काय आपण ती पोथी खाली ठेवतो? मी ही कथा त्या ग्रंथात येते तशी सांगतो.

हिमालय म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बदरी-केदार उभे राहतात. हे गाव त्या हिमालयाच्या पाठीमागे. नेपाळच्या उत्तर सीमेला लागून गुंगथांग नावाचा मुलूख आहे, त्यात क्यांगात्सा हे खेडे. दक्षिणेकडून येणारे पावसाचे ढग पर्वतच अडवून धरतो, त्यामुळे इकडे झाड थोडे, पाऊस थोडा आणि वारा मात्र अंगातले हाड गारठवणारा. बारा हजार फुटांच्या वरचा प्रदेश. तिथे भात नाही, जोंधळा नाही. पिकतो तो सातू. सातू भाजायचा, दळायचा, लोण्यात कालवून खायचा. आपल्याकडे चैत्रात सातूचे पीठ कौतुकाने खातात, त्यांचे ते बारमाही अन्न. मेंढ्यांची लोकर आणि याकाचे दूध. याक म्हणजे कालिदासाने हिमालयाच्या वर्णनात जिच्या शेपटीच्या चवऱ्या केल्या आहेत ती चमरी. पेरणी ते कापणी असे चार-पाच महिने हातात. बाकी थंडी, बर्फ, बंद पडलेल्या खिंडी. अशा ठिकाणी माणसाला आधार दोनच. घरात साठवलेले धान्य आणि भाऊबंद. ज्याचे भाऊबंद फिरले त्याने जायचे कोठे?

मिलारेपांचे घराणे मूळचे तिथले नव्हे. आजा मोठा जुगारी होता. फाशांच्या डावात शेतवाडी, घर, सारे घालवून बसला आणि नेसत्या वस्त्रानिशी गाव सोडून या डोंगरात आला. (द्यूत काही हस्तिनापुरातच नव्हते.) पण नंतर हा आजा सुधारला, आणि कष्टाने उभा राहिला. लोकरीचा व्यापार केला. कधी उत्तरेच्या धनगरांकडे, कधी दक्षिणेस नेपाळच्या बाजूला. पैसा साठला तेव्हा त्याने एक त्रिकोणी सुपीक शेत घेतले आणि एक घर बांधले. चार खांब, आठ तुळया. तेच त्या घराचे नाव पडले. खेड्यात असे घर दुसरे नव्हते. त्याचा मुलगा शेराब ग्याल्त्सेन, सून न्यांगत्सा कार्ग्येन. ही सून मोठी तडफेची, हिशेबाला पक्की, प्रेमाला आणि रागाला सारखीच जबर. तिच्याकडे लक्ष असू द्यावे.

मुलगा झाला तेव्हा बाप व्यापारासाठी दूर उत्तरेला होता. निरोप घेऊन माणूस गेला. पुत्र झाला हे ऐकून बापाला जो आनंद झाला त्यातूनच त्याने नाव ठेवले, थोपागा. आपल्या भाषेत सांगायचे तर श्रवणानंद. ज्याची वार्ता ऐकून सुख झाले तो. पुढे या मुलाचा गळा असा गोड निघाला की जो ऐकेल तो थांबे; म्हणून लोक म्हणत की बापाने नाव बरोबर ठेवले. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे आपणा वारकऱ्यांना वेगळे सांगायला नको. चार वर्षांनी बहीण झाली, तिचे नाव पेता. दोघांच्या केसांच्या वेण्या घालून त्यांत आई सोने आणि पिरोजा गुंफी. दारात नोकर, गोठ्यात याक, कोठारात सातू, आणि बाप खिंडीतून घरी येताना दिसला की धावत सुटायचे. एवढे सुख थोपागाच्या वाट्याला सात वर्षे आले.

याच काळात बापाचे चुलतभाऊ-बहीण, म्हणजे मुलांचा चुलता युंगद्रुंग ग्याल्त्सेन आणि आत्या, आपापल्या बिऱ्हाडांसह ओढगस्तीत क्यांगात्साला आले. शेराबने त्यांना जवळ केले. जनावरे दिली, भांडवल दिले, धंद्याच्या वाटा दाखवल्या. थोड्याच वर्षांत तेही सुस्थितीत आले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे याच उपकाराचा हिशेब उलटा मांडला गेला.

थोपागा सात वर्षांचा असताना बाप आजारी पडला आणि आपण उठत नाही हे त्याला कळले. नातेवाईक, शेजारीपाजारी बोलावून त्याने मृत्युपत्र केले. सगळी मालमत्ता मुलाची. तो कर्तासवरता होऊन, ठरलेल्या मुलीशी, झेसेशी, त्याचे लग्न होईपर्यंत चुलत्याने आणि आत्याने ती सांभाळावी. मरताना त्याने बायकोमुलांना त्यांच्या हाती दिले. बापाची राख निवाली नाही तोच वाटणी झाली. पुरुषाचे दागिने चुलत्याने घेतले, बाईचे आत्याने, आणि उरलेले दोघांनी निम्मेनिम्मे. न्यांगत्साने, तिच्या भावाने, झेसेच्या आईबापांनी सांगून पाहिले. पण रक्ताचे जवळचे आम्हीच, असे म्हणून त्यांनी तोंडे बंद केली.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पोरक्या बालकाचे धन राजाने राखावे, मूल जाणते होईपर्यंत त्याला हात लागू देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. शास्त्र लिहिणाऱ्याला चुलते ठाऊक होते म्हणायचे! पण त्या डोंगरात राजा कोठून येणार? तिथे चुलताच राजा.

मग ही तीन माणसे आपल्याच शेतात मजूर झाली. उन्हाळ्यात चुलत्याची शेते करायची, हिवाळ्यात आत्याच्या घरी लोकर विंचरायची, कातायची. काम गाढवाचे आणि अन्न कुत्र्याने तोंड लावावे असे. अंगावर फाटकी लक्तरे, कमरेला पट्ट्याऐवजी दोरी, हातपाय थंडीने फुटलेले. वेणीतले सोने आणि पिरोजा केव्हाच गेला; त्या केसांत आता उवा झाल्या. ज्यांनी पूर्वीचे दिवस पाहिले होते ते पाहून आडून डोळे पुसत, पण उघड बोलण्याची छाती कोणाला नव्हती, कारण गावातला अर्धा माणूस चुलत्याचा देणेकरी. झेसेच्या घरची माणसे तेवढी कधी खायला, कधी पायतण देत आणि धीर देत. नऊ-दहा वर्षांची ती मुलगी आपल्या नवऱ्या-मुलाला अशा वेषात पाहत होती. चरित्रकार तिच्याविषयी फार लिहीत नाही, पण मला ती पोर पुन्हा पुन्हा दिसते.

भाऊबंदकी म्हणजे काय ते मी गावोगाव पाहिले आहे. एका गावी सप्ताहाला गेलो असता उजवीकडे थोरल्याचे घर बसलेले, डावीकडे धाकट्याचे, आणि मधली वाट कोणी ओलांडीना. भांडण कशाचे, तर हातभर बांधाचे. काल्याच्या दिवशी दोघेही माझ्याकडून बुक्का लावून घेऊन गेले, पण एकमेकांना भेटले नाहीत. माझ्या कीर्तनाचा काही उपयोग झाला नाही. ते अपयश मनात असल्यामुळेच असेल, पण या कथेत माझे लक्ष चमत्कारांपेक्षा या घरावर अधिक जाते.

न्यांगत्सा मात्र मोडली नाही. तिच्या माहेरचे एक छोटे शेत होते. ते तिचे स्त्रीधन, त्यावर दिराचा हात पोहोचला नव्हता. तिचा भाऊ ते कसून येणारे धान्य साठवीत असे. आठ वर्षे थेंबाथेंबाने तिने गंगाजळी जमवली आणि मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा मेजवानी मांडली. मांस, पीठ, सातू आंबवून केलेले मद्य. शेजाऱ्यांकडून गालिचे मागून आणले आणि त्याच चार खांब आठ तुळयांच्या घरात सगळे गाव बोलावले. चुलत्याला व आत्याला मानाच्या जागी बसवले. सर्वांदेखत तिने मृत्युपत्राची आठवण दिली. मुलगा मोठा झाला, आता त्याचे त्याला द्या, झेसेशी लग्न लावून द्या, एवढेच तिचे मागणे.

एरवी एकमेकांशी न पटणारे बहीणभाऊ त्या दिवशी एक झाले. मालमत्ता मुळात आमचीच, तुझ्या नवऱ्याला आम्ही उसनी दिली होती, ती परत घेतली, असे त्यांनी सांगितले. बाईच्या थोबाडीत मारली, मुलांना झोडपले, घराबाहेर काढले. जाता जाता चुलता टोमणा मारून गेला की माणसे जमली तर लढाई करा, नाही जमली तर जादूटोणा करा. सूडाची वाट शत्रूनेच दाखवली! आई जमिनीवर लोळून रडली. गावकरी जेवून, माना खाली घालून निघून गेले. मामा, झेसेची माणसे आणि दोन-चार दयाळू मागे थांबले.

मुलाला मामाने एका तांत्रिक पंडिताकडे वाचायला-लिहायला ठेवले. आई दुसऱ्यांची कामे करी, पेता मिळेल ते काम करी, मिळेल ते मागून आणी. आणि मग ती गोष्ट घडली. गुरुजी एका लग्नाला गेले, सोबत थोपागाला नेले. तिथे पोराने पोटभर खाल्ले, मद्य प्याला. पंधरा-सोळाचे वय, इतक्या वर्षांनी पोट भरलेले, गळा देवाने दिलेला. येताना तो वाटेने मोठ्याने गात आला. वाट घरावरून जात होती. आई आत सातू भाजत होती. तिला आवाज ओळखीचा वाटला, पण विश्वास बसेना. जगात आपल्याइतके दुःखी कोणी नसताना आपला मुलगा गाईल कसा? बाहेर येऊन पाहते तो खरेच तो. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात राख घेऊन ती खाली धावली, राख त्याच्या तोंडावर फेकली, मारले, आणि आपल्या नवऱ्याच्या नावाने हाक फोडून तिथेच बेशुद्ध पडली. पेता रडत धावत आली. दोघांनी तिला सावध केले.

ज्याचे नाव श्रवणानंद त्याचे गाणे ऐकून आई मूर्च्छित पडली! गाणे मुलाच्या गळ्यातून त्या दिवशी जणू उपटून काढले गेले. त्याने आईला विचारले की तुझी इच्छा काय आहे ती सांग, मी करीन. तिने उरलेल्या शेताचा अर्धा भाग विकला, एक पिरोजा आणि एक पांढरा घोडा घेतला आणि मुलाला जारणमारण शिकायला दूर देशी पाठवले. वेशीपर्यंत पोचवायला गेली तेव्हा बजावले, की आमच्या गावात तुझ्या विद्येची खूण दिसल्याशिवाय परत आलास, तर तुझ्या डोळ्यांदेखत जीव देईन.

पुढचे मी लांबवत नाही; वर्णन करायला जीभ वळत नाही. मुलगा विद्या शिकला. चुलत्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नात घर कोसळून पस्तीस माणसे मेली. मारेकऱ्याचा रोख ज्यांच्यावर, ते चुलता आणि आत्या नेमके वाचले. आईने चिंध्यांचे निशाण करून गच्चीवर फडकावले आणि आनंद केला. लोक तिच्या जिवावर उठले तेव्हा तिने पुन्हा निरोप पाठवला. मग गारा पडल्या आणि कापणीला आलेला सगळ्या खोऱ्याचा सातू झोपला. त्या सातूत चुलत्याचा किती आणि आठ वर्षे दबून डोळे पुसणाऱ्यांचा किती, हे गारांना कसे कळावे?

इथे मला आळंदीची चार भावंडे आठवल्यावाचून राहत नाहीत. तीही पोरकी. त्यांनाही गावाने वाळीत टाकले. मग त्यांच्या मुखातून शाप न येता प्रसाद कसा आला? पुष्कळ दिवस मी याचे उत्तर भावंडांच्या अवतारीपणात शोधत असे. आता मला वाटते की क्रम पाहावा. निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीवर गहिनीनाथ आधी भेटले आणि आईबापांचे छत्र नंतर गेले. थोपागाचा बाप आधी गेला, अपमान आधी आला, आणि गुरू सर्वांत शेवटी. मधल्या रिकाम्या जागेत आईचा संताप बसला. तिला मी दोष देऊ धजत नाही. त्या आठ वर्षांत गावातल्या एखाद्या वजनदार माणसाने भर सभेत दोन शब्द बोलले असते तर?

स्वतःच्या हातून झालेली हत्या थोपागाला छळू लागली. झोप नाही, अन्न गोड लागेना. शोधत शोधत तो ल्होद्राकला मारपा नावाच्या गुरूंकडे गेला. मारपा गृहस्थाश्रमी, शेती करणारे, हिंदुस्थानात येऊन नारोपा या सिद्धाकडून विद्या घेऊन गेलेले. नारोपा ज्या चौऱ्याऐंशी सिद्धांत मोजतात त्यांच्याच यादीत मीनपा आणि गोरक्ष ही नावे आहेत. तेव्हा आपल्या नाथपंथी परंपरेशी हे घर शेजारच्या अंगणाइतके जवळचे. मारपांनी त्याला उपदेश न देता दगडांची घरे बांधायला लावली, बांधलेली पाडायला लावली, पुन्हा बांधायला लावली. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. गुरुपत्नी दग्मेमा चोरून मलम लावी, खाऊ घाली. हरवलेली आई त्याला तिथे भेटली, असे म्हटले तरी चालेल. पुष्कळ छळल्यानंतर मारपांनी त्याला पोटाशी धरले आणि सर्वस्व दिले. अंगावर एक सुती कापड एवढेच वस्त्र, म्हणून पुढे तो रेपा, मिला घराण्यातला रेपा.

काही वर्षांनी त्याला स्वप्न पडले की घर पडले आहे, आई वारली आहे, बहीण भीक मागते आहे. गुरूंचा निरोप घेऊन तो क्यांगात्साला आला. सगळे स्वप्नाप्रमाणेच. चार खांब आठ तुळयांचे घर गाढवाच्या फाटक्या कानांसारखे लोंबत होते. त्रिकोणी शेतात तण माजले होते. घरात जी पोथ्यांची मोठी रास होती तिच्यावर पाणी गळून, उंदरांनी आणि पाखरांनी घरटी केली होती. चुलीपाशी राख आणि माती मिसळून एक ढीग झाला होता, त्यावर गवत उगवले होते. त्याने तो उकरला तर आत हाडे. गावकरी त्या घराला भिऊन कोणी आत आले नव्हते; आईचे दहनसुद्धा झाले नव्हते. त्या अस्थींवर डोके टेकून तो बसला. आई कशी मेली, शेवटी तिला कोणाची वाट होती, हे सांगायला कोणी नव्हते. पोथ्या त्याने आपल्या जुन्या गुरुजींच्या मुलाला दिल्या आणि त्याच्याकडून अस्थींचे संस्कार करवले.

मग गुहा, उपास, आणि अंगाला लागताच आग उठवणाऱ्या रानपाल्याची आमटी. मीठ नाही, पीठ नाही. वर्षानुवर्षे तेच खाऊन अंग हिरवट झाले. एकदा भिक्षेला फिरताना नकळत आत्याच्या तंबूपाशी गेला. तिने कुत्री सोडली आणि तंबूचा दांडा उपसून मारले. चुलत्याने दगड मारले. त्याने हात उगारला नाही. झेसे येऊन भेटून गेली. तिने दुसरे लग्न केले नव्हते. पेताने भीक मागत मागत भावाला शोधले. हाडांचा सापळा, अंगावर वस्त्र नाही, हे पाहून ती आधी ओरडून दूर पळाली आणि ओळख पटल्यावर गळ्यात पडून रडली. हा कसला धर्म, इतर लामा मऊ आसनावर बसतात, असे म्हणून तिने त्याला बोल लावले. बहिणीने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

शेवटी चुलता मेला. तेव्हा आत्याला पश्चात्ताप झाला. एका याकावर सामान लादून ती भाच्याला शोधत डोंगरात आली. जिथे याक चढेना तिथे त्याला ठेवून जमेल तेवढे पाठीवर घेऊन ती वर आली. गुहेच्या वाटेवर ओढ्यावर एक फळकुटाचा पूल होता. पेताने तिला लांबूनच ओळखले आणि पूल ओढून घेतला. पलीकडून आत्या काकुळतीने सांगू लागली की पोरी, पूल काढू नकोस, तुझी आत्या येते आहे. पेता उत्तरली की तू येते आहेस म्हणूनच काढते. भाऊही प्रथम भेटायला तयार होईना. मेजवानीच्या दिवसापासून तंबूच्या दांड्यापर्यंत तिने केलेले एक एक त्याने तिला तिथूनच ऐकवले. तिने काही नाकारले नाही. ओढ्याच्या पलीकडे जमिनीवर डोके टेकून ती रडत राहिली. भावाच्या मनात कालवाकालव झाली. त्याने बहिणीला पूल टाकायला सांगितला. पेता बराच वेळ हलली नाही. मग तिने फळकूट पुढे सरकवले आणि आत्या, पाठीवरचे ओझे न उतरता, अलीकडे आली.